सीझनचा माणूस आणि बारमाही गाव: भांडण त्यांचं नाही, हिशोब आपला आहे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पर्यटन व्यवसायातल्या मनुष्यबळाबद्दल बोललो. वेळेची मर्यादा होती, त्यामुळे एक विषय नुसता स्पर्श करून सोडला. तो विषय थोडा अवघड आहे, आणि कॅमेऱ्यासमोर घाईत बोलण्यापेक्षा शांतपणे लिहिलेला बरा. म्हणून हा लेख. चहा घेऊन बसा, कारण मध्ये थोडी आकडेमोडही आहे.

विषय असा. पर्यटनाच्या गावात दोन प्रकारची माणसं राहतात. एक, जी बारा महिने तिथेच असतात: पावसात, उन्हात, गणपतीत, शिमग्यात. दुसरी, जी दिवाळीच्या आसपास बॅग घेऊन येतात आणि मे संपता संपता निघून जातात. या दोघांत कुरबुर वाढते आहे. मालवण, तारकर्ली, देवबागपासून दापोली, अलिबाग, थेट गोव्यापर्यंत तुम्हाला हेच ऐकू येईल. गावातला माणूस म्हणतो, "आमच्या पोरांक काम नाय आणि बाहेरच्यांना खोली, जेवण, पगार सगळं." बाहेरून आलेला मुलगा म्हणतो, "काम सोळा तास आमच्याकडून घेतात आणि काही हरवलं की पहिला संशय आमच्यावर."

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको. हे भांडण गावकरी आणि कामगार यांचं दिसतं, पण ते तयार होतं मालकाच्या हिशोबाच्या वहीत. म्हणजे तुमच्या-आमच्या वहीत. आणि जे आपल्या वहीत तयार होतं, ते आपल्यालाच सोडवता येतं. ही त्यातली चांगली बातमी.

आधी सीझन म्हणजे काय ते समजून घेऊ

उदाहरण मालवण तालुक्याचं घेतो, कारण तिथे चित्र अगदी स्वच्छ दिसतं. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. मग स्कूबा आलं, वॉटर स्पोर्ट्स आले, ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ, जानेवारी २०२३ मध्ये शेजारी गोव्यात मोपा. ज्या घरात पूर्वी फक्त मुंबईचे पाहुणे उतरायचे, त्या घरावर 'न्याहारी-निवास'ची पाटी लागली. बाहेरून कोणी मोठी कंपनी येऊन हॉटेल बांधायच्या आधी गावातल्या माणसानेच स्वतःच्या अंगणात चार खोल्या काढल्या. हे या भागाचं मोठं यश आहे, ते आधी मान्य करू.

पण समुद्र बारा महिने धंदा देत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद. म्हणजे धंदा साधारण आठ महिन्यांचा. त्यातही खरी गर्दी दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष, मधले लाँग वीकेंड आणि मे महिना. बाकीचे दिवस सोमवार ते गुरुवार खोल्या अर्ध्या रिकाम्या.

आता विचार करा. ज्या धंद्यात नाताळच्या आठवड्यात दहा माणसं लागतात आणि जुलैमध्ये एकही लागत नाही, तिथे तात्पुरता माणूस लागणारच. हा कोणाचा कट नाही, हे साधं गणित आहे. मासेमारीत तर हे कधीपासून चालू आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी येतात, मे संपताना हिशोब करून गावी जातात, ऑगस्टला परत येतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला अडचण नाही. तेच आता हॉटेलच्या किचनमध्ये झालं आहे. नेपाळ, उत्तराखंड, बंगाल, ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, आणि हो, आपला मराठवाडाही.

गावाची तक्रार खोटी नाही

शहरात बसून "हे लोक बाहेरच्यांचा द्वेष करतात" असं म्हणणं सोपं आहे. जरा देवबागमध्ये मे महिन्यात राहून बघा. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. पिण्याचं पाणी आधीच जपून वापरायचं, कारण किनाऱ्यावरच्या विहिरीतून उपसा वाढला की पाणी मचूळ व्हायला लागतं. अशा ठिकाणी एका विहिरीवर एक कुटुंब जगत होतं, तिथे आता पर्यटक आणि त्यांच्यासाठी आलेला स्टाफ दोन्ही येतात. पर्यटकाचं बिल मालकाला मिळतं. विहिरीचं पाणी शेजाऱ्याचंही कमी होतं.

तसंच खोल्यांचं. ज्या खोलीत पूर्वी एखादा शिक्षक किंवा बँकेचा कर्मचारी भाड्याने राहायचा, ती खोली आता पर्यटकाला दिवसाच्या भावाने जाते. आणि मागच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये आठ-आठ मुलं झोपतात. एक संडास, एक नळ. रात्री अकराला काम सुटलं की ती मुलं बाहेर ओट्यावर बसणार, मोठ्याने फोनवर बोलणार, कधी कोणी पिऊन येणार. त्या वाटेने क्लासवरून येणाऱ्या मुलीच्या आईला काळजी वाटली, तर तिला आपण संकुचित म्हणायचं का? तिला त्या आठांपैकी एकाचंही नाव माहीत नाही. तक्रार कोणाकडे करायची तेही माहीत नाही. तिच्या जागी तुमची-माझी बहीण असती तर तीही हेच म्हणाली असती.

आणि कामाचा मुद्दा. गावातला मुलगा बघतो की हॉटेलं वाढली, गाड्या वाढल्या, पण त्याच्या वाट्याला काय? वीकेंडला पार्किंगमध्ये शिट्टी मारायची. त्याला राग येणारच.

कामगाराची तक्रारही खोटी नाही

आता दुसरी बाजू. सीझनला आलेल्या मुलाला अनेक ठिकाणी पगार महिन्याला मिळत नाही. "लागेल तशी उचल घे, सीझन संपला की हिशोब करू." म्हणजे त्याचे सहा-सात महिन्यांचे पैसे मालकाकडे अडकलेले. मध्येच घरी आई आजारी पडली तरी तो जाऊ शकत नाही, कारण गेला तर हिशोब बुडतो. काही ठिकाणी आधार कार्ड 'सांभाळून ठेवायला' काढून घेतात. मित्रांनो, याला सांभाळणं म्हणत नाहीत, याला अडकवणं म्हणतात.

सकाळी साडेसहाला चहा-नाश्त्यापासून सुरू, रात्री शेवटचा कस्टमर जेवून उठेपर्यंत उभा. सुट्टी नाही. गावात ओळख नाही. भाषा अर्धवट. काही चोरी झाली की पोलिसांसमोर पहिला तोच. आणि गावात हाक काय? 'ए नेपाळी', 'ए भैया', 'ए घाटी'. आठ महिने ज्याच्या हातचं आपण जेवतो त्याचं नाव आपल्याला माहीत नसतं.

दोन्ही तक्रारी एकमेकांसमोर ठेवा आणि बघा. गावकऱ्याला राग पाण्याचा, खोलीचा, अनोळखीपणाचा, कामाचा. कामगाराला राग पगाराचा, खोलीचा, अनोळखीपणाचा, वागणुकीचा. खोली आणि अनोळखीपणा दोन्ही यादीत आहेत! आणि बहुतेक गोष्टी ठरवणारा माणूस कोण? मालक. तो मात्र दोन्ही बाजूंना सांगत फिरतो. गावाला म्हणतो "काय करणार, लोकल पोरं टिकत नाहीत", आणि कामगाराला म्हणतो "गावाच्या लोकांपासून जरा लांब राहा."

"लोकल पोरं टिकत नाहीत": या वाक्याचा हिशोब

प्रत्येक कार्यशाळेत हे वाक्य मला ऐकायला मिळतं. त्याच्या जोडीला दुसरं: "बाहेरचे स्वस्त पडतात." आधी स्वस्ताईचं बघू. खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या धंद्याप्रमाणे ते बदला.

समजा तुमचं सहा खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. बाहेरचा आचारी महिना ₹१८,००० प्रमाणे आठ महिने: ₹१,४४,०००. त्याचं जेवण, राहणं, वीज, पाणी महिना ₹४,५०० धरलं तर आठ महिन्यांचे ₹३६,०००. येण्याजाण्याचा खर्च आणि आणून देणाऱ्याचं कमिशन मिळून ₹६,०००. एकूण ₹१,८६,०००.

आता गावातला आचारी. सीझनचे आठ महिने तोच पगार, ₹१८,००० प्रमाणे ₹१,४४,०००. पावसाळ्याचे चार महिने अर्धा पगार, ₹९,००० प्रमाणे ₹३६,०००. एकूण ₹१,८०,०००. राहायला तो स्वतःच्या घरी.

बघा, बाहेरचा स्वस्त पडतच नाही. आपण फक्त पगाराचा आकडा बघतो. खोली, गॅस, वीज, पाणी हे 'घरातूनच' जातं म्हणून ते वहीत लिहीत नाही.

मग खरं कारण काय? खरं कारण असं की बाहेरचा माणूस चोवीस तास हाताशी असतो. रात्री साडेअकराला पर्यटक आला तर त्याला उठवता येतं. त्याला अंगणेवाडीची जत्रा नसते, नारळी पौर्णिमा नसते, शेजारच्या घरातलं लग्न नसतं, बाराव्याचं जेवण नसतं. गावातल्या माणसाला हे सगळं असतं, आणि असायलाच पाहिजे. त्यामुळे आपण कमी पैशात माणूस घेत नाही, आपण नाही म्हणू न शकणारा माणूस घेतो. कडू वाटेल, पण हा मुद्दा जोपर्यंत आपण मान्य करत नाही तोपर्यंत पुढे जाता येणार नाही.

गावातल्या माणसाला आठ-नऊ तासांची ठरलेली ड्युटी द्यायची तर संध्याकाळी आणखी एक हात लागेल. समजा संध्याकाळच्या चार तासांसाठी गावातलीच एक ताई, महिना ₹६,०००, आठ महिन्यांचे ₹४८,०००. म्हणजे गावातली व्यवस्था ₹२,२८,०००, बाहेरची ₹१,८६,०००. फरक वर्षाला ₹४२,०००. आता तुमच्या सहा खोल्या वर्षात प्रत्येकी १२० रात्री गेल्या असं धरा. ७२० रात्री झाल्या. ₹४२,००० भागिले ७२०, म्हणजे एका खोलीमागे एका रात्रीला साधारण ₹५८.

अठ्ठावन्न रुपये. पर्यटक एका शहाळ्याला जवळपास एवढे देतो. मी असं म्हणत नाही की हे पैसे नगण्य आहेत. धंदा नवीन असेल, कर्जाचा हप्ता चालू असेल तर वर्षाचे ₹४२,००० जड जातात. पण निदान कळलं तरी, की 'परवडत नाही' या शब्दाची किंमत नेमकी किती आहे.

आणि बाहेरचाच माणूस ठेवून त्याला नीट ठरलेले तास दिले, तरी तो संध्याकाळचा दुसरा हात लागणारच! म्हणजे फरक माणूस कुठला आहे यातून येतच नाही. आपण तास मोजतो की नाही, यातून येतो.

मग फक्त स्थानिकच ठेवायचे का?

नाही. इथे माझं मत काही मित्रांना आवडणार नाही, पण सांगतो.

पहिली गोष्ट, कायदा. संविधानाच्या कलम १९ ने भारताच्या नागरिकाला देशात कुठेही जायचा, राहायचा, धंदा-रोजगार करायचा हक्क दिला आहे. ग्रामसभेत ठराव करून तो काढता येत नाही. हरियाणाने खासगी नोकऱ्यांमध्ये ७५ टक्के जागा स्थानिकांना ठेवण्याचा कायदा केला होता; पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. त्यामुळे त्या वाटेने फार हाती लागणार नाही.

दुसरी गोष्ट, गरज. मे महिन्यात गावातले सगळे हात आधीच कामाला असतात. प्रत्येक घरात स्वतःच्या खोल्या, स्वतःची होडी, आंबा-काजूची गडबड. सगळी कामं गावातल्या माणसांवर भागणार नाहीत.

तिसरी गोष्ट, आणि ही कोकणाने तरी विसरू नये. बाहेर जाऊन राबणं म्हणजे काय हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे? आपले आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरणीत गेले तेव्हा एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपत होते. एक पाळी कामावर, एक पाळी जमिनीवर. गावात चूल पेटायची ती मनीऑर्डरवर. जेवायला खानावळ होती. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. म्हणजे बाहेरून आलेल्या कामगाराला जेवू घालणं हा स्थानिक बाईचा धंदा होऊ शकतो, हे मुंबईने पन्नास वर्षांपूर्वी दाखवलं आहे. आज तुमच्या गावात आठ महिने राहणारी शंभर मुलं असतील, तर ती शंभर गिऱ्हाईकंही आहेत. डबा, कपडे धुणं, मोबाईल रिचार्ज, सायकल, केस कापणं. हा धंदा कोण करतंय? बघितलंय कधी?

गोव्याकडून काय शिकायचं

शेजारी गोव्यात हा वाद आपल्या बराच पुढे गेला आहे. तिथे किनाऱ्यावरच्या शॅकचा परवाना स्थानिकांना मिळतो, शॅक मे अखेरीस उतरवावी लागते, पुढच्या सीझनला पुन्हा उभी राहते. फेब्रुवारी २०२५ मध्ये कळंगुटचे आमदार मायकल लोबो यांनी किनाऱ्यावर इडली-सांबार आणि वडापाव विकला जातो म्हणून टीका केली, तेव्हा देशभर इडलीची चर्चा झाली. पण त्याच बोलण्यात दुसरा एक मुद्दा होता आणि तो महत्त्वाचा होता: शॅक बाहेरच्या व्यावसायिकांना भाड्याने देणारे गोंयकारच आहेत.

हे नीट समजून घ्या. परवाना माझ्या नावावर, धंदा दुसऱ्याचा, माझं भाडं घरबसल्या. पहिली दोन वर्षं मजा वाटते. मग तो दुसरा माणूस स्वतःचा आचारी आणतो, स्वतःचा वेटर आणतो, स्वतःचा भाजीवाला आणतो. मासे गावातल्या बाईकडून घ्यायचं बंद होतं. मग एक दिवस आपण म्हणतो, "बाहेरच्यांनी गाव खाल्लं." चावी दिली कोणी?

तारकर्ली-मालवणमध्ये असे सौदे सुरू झालेले तुम्हीही बघताय. वर्षाचं एकरकमी भाडं घेऊन घर चालवायला द्यायचं आणि आपण मुंबईला. तुमची जागा आहे, तुमचा हक्क आहे. पण मग कामगारांवर ओरडायचा हक्क थोडा कमी होतो, एवढंच म्हणेन. आणि दिलंच चालवायला, तर करारात लिहा: इतके कामगार स्थानिक, कामगारांची राहण्याची सोय अमुक, मासे-भाजी शक्यतो गावातून. भाड्याची रक्कम ठरवताना आपण दोन तास घासाघीस करतो, या तीन ओळींसाठी दहा मिनिटं देत नाही.

मालकाने काय करायचं: सहा गोष्टी

१) पगार महिन्याच्या महिन्याला, खात्यात. 'सीझनअखेर हिशोब' बंद. उचल दिली तर वहीत दोघांची सही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. तुमच्या आस्थापनेला त्यातलं काय लागू होतं ते तुमच्या सीएला किंवा कामगार सल्लागाराला विचारा. पण कायदा लागो न लागो, एका पानाचं पत्र द्या: काम काय, तास किती, सुट्टी कधी, पगार किती आणि कोणत्या तारखेला. कागदपत्रांची झेरॉक्स ठेवा, मूळ कागद त्याच्याच खिशात.

आणि यात तुमचाही फायदा आहे. हिशोब अडकवलेला माणूस राहतो, पण मन लावून काम करत नाही, आणि संधी मिळाली की २३ डिसेंबरला पळतो. नाताळच्या आठ दिवसांत बारा पाहुण्यांचं दिवसाचं ₹७०० प्रमाणे जेवण बुडालं तर ₹६७,२०० गेले. शिवाय रिव्ह्यू खराब झाला तो वेगळा.

२) स्टाफची खोली आधी, पर्यटकाची सातवी खोली नंतर. किती माणसं आणायची हे किचनच्या कामावरून ठरवू नका, संडास आणि पाण्यावरून ठरवा. चार माणसांमागे निदान एक संडास-बाथरूम, पंखा, कपडे वाळत घालायला जागा, शोषखड्डा. शेजाऱ्याच्या विहिरीवर आपला पाइप नाही. मे महिन्यात टँकर लागणार असेल तर तो खर्च आपला.

३) माणसाची ओळख करून द्या. पोलीस पडताळणी करा, ती सक्तीची कटकट म्हणून नको. आपल्या आणि त्याच्याही संरक्षणासाठी करा. पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीकडे नावांची यादी द्या, त्यावर तुमचा मोबाईल नंबर टाका. सीझनच्या सुरुवातीला त्या मुलांना घेऊन आजूबाजूच्या पाच घरांत जा. "हा अमुक, माझ्याकडे आहे, काही झालं तर मला फोन करा." पाच घरं, अर्धा तास. ज्या मुलाला गाव नावाने ओळखतं तो गावात जपून वागतो, आणि गावही त्याच्याशी जपून वागतं.

४) सणांची अदलाबदल. ही माझी सगळ्यात आवडती आयडिया. गणपती, नारळी पौर्णिमा, जत्रा, शिमगा यांना गावातल्या स्टाफला हक्काची सुट्टी, तेव्हा बाहेरचे सांभाळतील. छठ, ईद, दसैं याला बाहेरच्यांना सुट्टी, तेव्हा गावातले सांभाळतील. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते, नेमका आपला सीझन सुरू होताना, म्हणून कॅलेंडर ऑगस्टमध्येच बनवा. एकदा एकमेकांच्या सणाला ड्युटी केली की किचनमध्ये 'तुमचे-आमचे' थोडं कमी होतं.

५) गावातल्या मुलांना वरची जागा द्या, नुसती खालची नको. स्थानिक मुलाला भांडी घासायला बोलवायचं आणि तो आला नाही की "यांना काम नको" म्हणायचं, हे बरोबर नाही. त्याच्याकडे जे आहे ते बाहेरच्याकडे नाही: समुद्र, भाषा, ओळखी, गोष्टी. बुकिंग, गाईड, बोट, मासळीची खरेदी, फ्रंट डेस्क, पाहुण्यांना किल्ला दाखवणं ही कामं त्याची. तारकर्लीतच एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. फी अर्धी तुम्ही भरा आणि दोन सीझन तुमच्याकडे काम करायचं ठरवा. महिलांसाठी सकाळी सात ते एक अशी पाळी ठेवा. दिवसभर न अडकता येणाऱ्या किती हुशार ताई घरी आहेत, तुम्हाला आश्चर्य वाटेल.

६) सीझन संपला म्हणजे नातं संपलं नाही. निघताना पुढच्या सीझनची तारीख ठरवा, येण्याचं तिकीट तुमच्याकडून, परत आला तर ठरलेला बोनस. भारतीय कामगाराचा ई-श्रम नोंदणीचा नंबर आहे का बघा, नसेल तर बसून काढून द्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला ₹२० भरून ₹२ लाखांचा अपघात विमा मिळतो. ते वीस रुपये तुम्ही भरा. रेशन कार्ड असेल तर 'वन नेशन वन रेशन'मुळे इथल्या दुकानातून धान्य घेता येतं, हेही अनेकांना माहीत नसतं. तिसऱ्या वर्षी परत आलेला आचारी तुमच्या हातची मालवणी चव शिकलेला असतो. त्याची किंमत करा.

एकट्याने होणार नाही

एक मालक नीट वागला आणि शेजारचा तसाच राहिला, तर नीट वागणाऱ्याचा खर्च वाढतो आणि गावाचा राग दोघांवर सारखाच. म्हणून हे गावाने मिळून करायचं काम आहे. तुमच्या भागातल्या व्यावसायिकांची संघटना असेल तर तिच्या पुढच्या मीटिंगमध्ये एकच प्रस्ताव ठेवा: दर खोलीमागे दर रात्रीला ₹२० बाजूला काढायचे. सहा खोल्यांच्या एका घराचे, आपल्या आधीच्या हिशोबाने, वर्षाला ₹१४,४०० होतात. पन्नास घरं असतील तर ₹७,२०,०००. त्यातून कचऱ्याची गाडी, मे महिन्याचं पाणी, वाटेवरचे दिवे, गावातल्या मुलांचं प्रशिक्षण. कशावर खर्च झाला ते ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्याच्या घरी एकही खोली पर्यटकाला दिलेली नाही, त्या माणसालाही पर्यटनाचा काहीतरी फायदा दिसला पाहिजे. तो आज फक्त ट्रॅफिक आणि कचरा बघतो. उद्या ग्रामसभेत विरोधात हात वर करणारा तोच असेल.

काही जण म्हणतील, "सर, हे सगळं आदर्श आहे, प्रत्यक्षात स्पर्धा आहे, ऑनलाइन साइटवर शंभर रुपयांनी रेट कमी केला की कस्टमर तिकडे." खरं आहे. पण पर्यटक परत कशासाठी येतो? तोच समुद्र त्याला गोव्यात मिळतो, अलिबागला तर मुंबईपासून जवळही पडतो. तो परत येतो माणसांसाठी. ज्या गावात वाटेवर माणसं एकमेकांकडे संशयाने बघतात, जिथे वेटरचा चेहरा उतरलेला आणि शेजारची आजी पर्यटकाच्या गाडीवर खेकसते, तिथे तो फोटो काढून जातो आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. तेव्हा रेट दोनशेने कमी करूनही उपयोग नसतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या. तुमच्याकडे काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं पूर्ण नाव, गाव, घरी कोण आहे, आणि या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला दिला, हे न विचारता लिहून काढा. जितके रकाने रिकामे राहतील तितकं काम बाकी आहे असं समजा. दुसऱ्या कागदावर तुमच्या आजूबाजूच्या पाच घरांची नावं लिहा आणि तुमच्या धंद्यामुळे त्यांना होणारा एक त्रास लिहा. तो माहीत नसेल तर जाऊन विचारा.

पुढच्या व्हिडिओत आपण पावसाळ्याच्या चार महिन्यांत न्याहारी-निवासातून उत्पन्न कसं काढायचं ते बघणार आहोत, म्हणजे अर्ध्या पगाराचे ते ₹३६,००० कुठून आणायचे या प्रश्नाचं उत्तरही मिळेल. तोपर्यंत वही उघडी ठेवा.

भेटू लवकरच.